गिटार: चौथ्या पडद्याच्या पुढे सगळा अंधार

पेटीवाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वय ४७, मुक्काम मिरज. भजनी मंडळात पंचवीस वर्षं पेटी वाजवतोय. मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिची गिटार इथेच राहिली. धूळ खात पडण्यापेक्षा म्हणून दिवाळीत हातात घेतली. आज सी, ए मायनर, जी, डी, ई मायनर या कॉर्ड बऱ्या लागतात. एफ लागते, पण ती लागेपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं.

अडचण वेगळीच आहे. पेटीवर डोळे मिटूनही मला सा सापडतो. साडेतीन सप्तकांची पेटी, ४२ पट्ट्या, प्रत्येक स्वराला एकच घर. इथे तोच स्वर चार ठिकाणी भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी वेगळे! पहिल्या तीन पडद्यांत (मानेवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या) मी राजा, चौथ्याच्या पुढे गेलो की परक्या गावात रात्रीची एसटी चुकल्यासारखं होतं.

त्यात आमच्या महिला मंडळाची पट्टी काळी पाच, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा. तिथे मला येणारी एकही कॉर्ड कामाची नाही. व्हिडिओ बघितले. एक म्हणतो पाच चौकटी (स्वरांच्या जागांचे ठिपक्यांचे नकाशे) पाठ करा, दुसरा म्हणतो सात, तिसरा ग्रीक नावं सांगतो. क्लासमध्ये पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "कुठली स्केल येते?" मी म्हणालो, "काळी एक." तिथून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

सुरुवात कुठून करू?

सहावी तार | सोमवार, रात्री ११:२५

काका, ते स्केल प्रकरण सगळ्यांचंच होतं. आपल्याकडे स्केल म्हणजे पट्टी, सा कुठे धरला ते. गिटारच्या क्लासात स्केल म्हणजे त्या सा वरून चढणारी स्वरांची शिडी. दोघंही आपापल्या जागी बरोबर होता.

माझं मत: केज्ड पद्धत शिका. सी, ए, जी, ई, डी या पाच मोकळ्या (काही तारा न दाबता वाजणाऱ्या) कॉर्डच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं आहे. हे पाच आकार तुम्हाला येतात किंवा येत आलेत. आता एकच कॉर्ड घ्या, सी. मोकळी सी तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून पुढे ए चा आकार धरला की तीही सी. पाचव्या पडद्यावर जी चा आकार, आठव्यावर ई चा, दहाव्यावर डी चा, आणि बाराव्यावर पुन्हा सी चाच. क्रम कधी बदलत नाही.

याला मी चाळीतल्या खोल्या म्हणतो. पाच खोल्या ओळीने, आणि दोन खोल्यांमधली भिंत सामाईक. ही भिंत म्हणजे सा. सी च्या आणि ए च्या आकारात पाचव्या तारेचा तिसरा पडदा सामाईक. ए आणि जी मध्ये तिसऱ्या तारेचा पाचवा. जी आणि ई मध्ये सहाव्या तारेचा आठवा. ई आणि डी मध्ये चौथ्या तारेचा दहावा. डी आणि पुढचा सी यांच्यात दुसऱ्या तारेचा तेरावा. (पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी जाड.) हे पाच सा आधी शोधा, आकार नंतर.

एक सांगून ठेवतो. जी च्या आकाराची पूर्ण बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून धरायची) कुणी वाजवत बसत नाही. करंगळी तुटायची. त्यातल्या तीन-चार तारा वापरायच्या, आकार फक्त नकाशासाठी.

बारा पडदे | मंगळवार, सकाळी ७:१०

पेटीवाल्यांनी नेमकी दुखरी नस पकडली आहे, म्हणून आकडे देतो. साध्या अकूस्टिक गिटारला बहुधा २० पडदे असतात. सहा तारा, मोकळी तार धरून प्रत्येकीवर २१ जागा, म्हणजे एकूण १२६. पण वेगवेगळे स्वर किती? जाड तारेच्या खर्जापासून बारीक तारेच्या विसाव्या पडद्यापर्यंत मोजा: फक्त ४५. तुमच्या पेटीपेक्षा तीनच जास्त. उरलेल्या ८१ जागा म्हणजे त्याच माणसांचे दुसरे पत्ते. बारीक तार मोकळी सोडल्यावर जो ई वाजतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या पडद्यावर आहे.

आता या गोंधळामागची रचना. भजनवाल्याला भजनवाल्याच्या भाषेत सांगतो. कुठलीही मोकळी तार सा माना, तिचा शुद्ध म म्हणजे पुढची मोकळी तार. म पाचव्या पडद्यावर येतो, म्हणूनच पाचवा पडदा दाबून पुढची तार जुळवतात. अपवाद एकच: तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना म नाही, ग. तिथे चौथा पडदा दाबून जुळवतात. बहुतेक आकार दुसऱ्या तारेपाशी आले की एक पडदा पुढे सरकतात, त्याचं कारण हेच. हे एकदा कळलं की निम्मी पाठांतरं गळून पडतात.

सगळ्या तारा मध्यमावर का नाही लावत? लावणारे आहेत. स्टॅनली जॉर्डन हा अमेरिकन जाझ वादक तशाच लावतो. पण मग पहिली तार ई ऐवजी एफ होते, आणि सहावी ई आणि पहिली एफ एका आडव्या बोटाखाली आल्या की कानाला चावतात. तो एक ग घातल्यामुळे दोन्ही टोकांना ई आला आणि आपल्या साध्या कॉर्ड सोप्या झाल्या.

अवांतर: बारावा पडदा बरोबर तारेच्या मध्यावर असतो. प्रत्येक पुढचा पडदा उरलेल्या लांबीच्या साधारण अठराव्या भागावर. क्लासिकल गिटारच्या ६५० मिलिमीटर तारेवर पहिला पडदा नटपासून (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ३६.५ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणून वर-वर बोटं दाटीवाटीने पडतात.

कॅपोभक्त | मंगळवार, सकाळी ९:०२

एवढं पुराण कशाला? काळी पाच म्हणजे ए शार्प. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ए च्या कॉर्ड वाजवा. नाहीतर तिसऱ्या पडद्यावर कॅपो आणि जी च्या कॉर्ड. झालं! एकादशीला वाजवून मोकळे व्हा.

सहावी तार | मंगळवार, सकाळी ९:३०

@कॅपोभक्त, पहिला पडदा ए, तिसरा जी, मग सहावा ई, आठवा डी, दहावा सी. तुमची ही कॅपोची यादी म्हणजेच केज्ड आहे. नकळत तुम्ही आमच्याच पार्टीत आलात.

कॅपोभक्त | मंगळवार, सकाळी ९:४४

अरेच्चा. बरं.

तानपुरा | मंगळवार, दुपारी ३:१५

मी गिटारवाली नाही, गाते. नवरा वाजवतो, त्यामुळे घरात हे सगळं कानावर पडतं. त्याने पाचही आकार आणि पाचही चौकटी वर्षभरात पाठ केल्या. झालं काय? बोटं सुसाट पळायला लागली, गाणं मात्र कुठेच नाही. मी मध्येच विचारायची, "आता कोणत्या स्वरावर आहेस?" तो सांगायचा, "सातव्या फ्रेटवर."

पेटीवाले दादा, तुमच्याकडे सरगम आहे. ती टाकून ठिपके पाठ करायला जाऊ नका. कुठलंही बोट ठेवताना तोंडाने स्वर म्हणा, सा म्हणा, ग म्हणा. मिरजेत राहता, आजूबाजूला सतारी बनतात. सतारिया काय करतो? मुख्यतः एका बाजाच्या तारेवर लांबच्या लांब फिरतो. तेच करा. एकच तार घ्या, मोकळ्या तारेला सा म्हणा आणि भूप वाजवा: रे दुसऱ्या पडद्यावर, ग चौथ्या, प सातव्या, ध नवव्या, वरचा सा बाराव्या. आठ दिवस फक्त एवढंच. चौथ्या पडद्यापुढचा अंधार पहिल्याच दिवशी जातो, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते.

बारा पडदे | मंगळवार, रात्री ८:५०

तानपुराताईंना +१, आणि भूपाचा विषय निघालाच आहे तर गिटारवाल्यांची पेंटॅटॉनिक (पाच स्वरांची स्केल) इथेच उलगडते. सा = सी धरा. पाचव्या ते आठव्या पडद्यांत राहा, हात हलवू नका.

सहावी तार: ५ वर मंद्र ध, ८ वर सा.
पाचवी: ५ रे, ७ ग.
चौथी: ५ प, ७ ध.
तिसरी: ५ वर तार सा, ७ रे.
दुसरी: ५ ग, ८ प.
पहिली: ५ ध, ८ अतितार सा.

इंटरनेटवर हिलाच "ए मायनर पेंटॅटॉनिक, पहिली चौकट" म्हणतात आणि जगभरची पोरं इथूनच सुरुवात करतात. बोटं तीच ठेवून ए ला सा म्हटलं तर स्वर होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे धानी. मूर्च्छना (सा कुठल्या स्वराला म्हटलं ते) बदलली, बोटं नाही. उरलेल्या चार चौकटी म्हणजे सहाव्या तारेवर सुरुवात पुढच्या स्वरापासून. आठव्या पडद्यावरून सुरू केली तर भूप, दहाव्यावरून मेघाचे स्वर, बाराव्यावरून मालकंस, पंधराव्यावरून दुर्गा. पाच चौकटी, पाच ओळखीचे चेहरे. ग्रीक नावांची गरजच नाही.

तानपुरा | मंगळवार, रात्री ९:२०

थांबा थांबा. स्वर तेच म्हणजे राग तोच नव्हे. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर एकच. भूपात वादी (मुख्य स्वर) ग, देशकारात ध. चलन वेगळं, अंग वेगळं, वेळसुद्धा वेगळी. चौकटीत खालून वर, वरून खाली घसरगुंडी केली तर तो मालकंस नाही, व्यायाम आहे.

बारा पडदे | मंगळवार, रात्री ९:३१

मान्य. "मालकंसाचे स्वर" असं वाचावे.

मडगांवकार | बुधवार, सकाळी ११:०५

देव बरें करूं, खाशी चर्चा चालली आहे. माझा शिकण्याचा रस्ता जरा वेगळा होता, तो सांगतो. आमच्या घरी मांडो (गोव्याची कोंकणी गाणी) गायले जायचे, काका व्हायोलिनवर, शेजारचा एक घुमट (मातीचं तालवाद्य) घेऊन बसायचा, गिटार मी. घुमटाचा आवाज खाली घुमणार, व्हायोलिन वर गाणार. त्यात मी सहा तारा झणझणवल्या की काका धनुष्य उचलून माझ्याकडे बघायचे, बस. बोलायचे नाहीत. त्या नजरेने मला तीन तारांच्या कॉर्ड शिकवल्या.

साधी कॉर्ड म्हणजे तीनच स्वर, पात्रांव. सी मेजर म्हणजे सा ग प. बाकीच्या तारांवर त्यांचीच पुनरावृत्ती. मग वरच्या तीन ताराच घ्या ना. तिसरी, दुसरी, पहिली या क्रमाने पडदे लिहितो:

सी: ५-५-३
ए मायनर: ५-५-५
एफ: ५-६-५
जी: ४-३-३

बघा, हात जागचा हलला नाही. बार नाही, करंगळीचे हाल नाहीत आणि ज्या एफने पेटीवाल्यांना रडवलं ती इथे तीन बोटांत बसली. आता यातला प्रत्येक स्वर तोंडाने म्हणा. सी: सा ग प. ए मायनर: सा ग ध. एफ: सा म ध. जी: नि रे प. सी वरून ए मायनरला जाताना दोन बोटं तिथेच राहतात, फक्त प चा ध होतो. जेव्हा हे मला ऐकू आलं, तेव्हा मला पहिल्यांदा गिटार "दिसली".

सी अजून दोन ठिकाणी सापडेल याच तारांवर: ९-८-८ (ग प सा) आणि १२-१३-१२ (प सा ग). तीन मुक्काम झाले. आता याच तारांवर सगळी मान फिरता येते.

पेटीवाला | बुधवार, रात्री १०:१५

मडगांवकार, तुम्हाला साष्टांग. सा ग प, सा ग ध! अहो हे तर मी पेटीवर उजव्या हाताने रोज करतो. एक बोट हलतं, बाकीची जागेवर. मला वाटत होतं गिटारची कॉर्ड म्हणजे काहीतरी आकार असतो, बोटांचं आसन. त्यात स्वर बसलेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता एक मूर्ख प्रश्न. कॉर्ड इकडे, चौकट तिकडे. दोन्हींचा संबंध काय? मागे ट्रॅक लावून भूपाचे स्वर वाजवतो तेव्हा कधी गोड लागतं, कधी उपरं. स्वर तर सगळे बरोबर असतात.

सहावी तार | बुधवार, रात्री ११:००

काका, मूर्ख नाही, हाच खरा प्रश्न आहे. मला इथवर यायला चार वर्षं लागली. चौकटीतले सगळे स्वर बरोबर असतात, पण थांबायला सगळे बरोबर नसतात.

सी वाजत असेल तर सा, ग, प यांपैकी कुठेही विसावा. ए मायनर आली की ध, सा, ग. जी आली की प आणि रे. तिचा नि भूपात नाहीच, सोडून द्या. एफ आली की सा किंवा ध. तिचा म तुमच्याकडे नाही. ग वर मात्र बसू नका. एफ वर ग लांबवला की त्याचा रंग पालटतो. काहींना आवडतो, भजनात मंडळी वळून बघतील.

सराव असा: पाचव्या-आठव्या पडद्यांच्या त्या चौकटीत राहा, फोनवर सी आणि ए मायनर दोनच कॉर्ड लावून ठेवा. कॉर्ड बदलली की जवळात जवळचा तिचा स्वर पकडा. जवळचा, उडी मारायची नाही. मडगांवकारांच्या ५-५-३ आणि ५-५-५ याच हाताखाली आहेत, फक्त तो तिसरा पडदा चौकटीबाहेर आहे. पण त्याचा प दुसऱ्या तारेच्या आठव्यावर मिळतोच.

तानपुरा | गुरुवार, सकाळी ८:४०

कुठल्या स्वरावर विसावायचं, याला आमच्याकडे न्यास म्हणतात. एवढंच म्हणायचं होतं.

चहा कमी साखर | गुरुवार, दुपारी १:३०

वाखु (वाचनखूण) साठवली. मध्येच वेगळा प्रश्न विचारतो, माफ करा. माझी बार कॉर्ड सहा महिने झाले तरी लागत नाही. बोटाला वळ, मनगट दुखतं. बोटंच छोटी आहेत का?

बारा पडदे | गुरुवार, दुपारी २:०५

बोटं नाही, बहुतेक गिटार. तिसऱ्या पडद्यावर तार दाबा आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. तिथून सहज पोस्टकार्ड सरकत असेल तर नटच्या खाचा उंच आहेत. चांगल्या कारागिराकडून खाली घेऊन घ्या. तारा बाराच्या (जाडीचा आकडा) असतील तर अकराच्या किंवा दहाच्या, म्हणजे बारीक, टाका. आणि एफ पहिल्या पडद्यावर शिकू नका, ती सगळ्यात अवघड जागा आहे, नट शेजारीच असतो. तोच आकार आधी पाचव्या पडद्यावर पकडा (तिथे तो ए होतो), मग एक-एक पडदा मागे या. तर्जनी सपाट नको, अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती ठेवा. मनगट तरीही दुखलं तर त्या दिवशी बंद. हट्ट नको.

कॅपोभक्त | गुरुवार, दुपारी २:२०

किंवा मडगांवकारांच्या तीन तारा. बारला कायमचा रामराम.

मडगांवकार | गुरुवार, दुपारी ३:००

नाही हां, बार पण पाहिजे. एकटे बसून गाताय, खाली खर्ज कोण देणार? तीन तारा चारचौघांत, सहा तारा एकट्याला.

पेटीवाला | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:५०

मंडळी, हालहवाल सांगायला आलो.

तानपुराताईंचं एक तार प्रकरण दहा दिवस केलं. बायको म्हणाली, गिटार बिघडली का, एकच तार वाजतेय. आमच्या ओळखीतले एक सतार बनवणारे आहेत, त्यांच्याकडे गिटार घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेऊन पडद्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, हे पडदे सरकत नाहीत, मग ग चढा लागला तर काय करता? मी म्हणालो, पेटीवाला आहे, मला पंचवीस वर्षं चढाच ग ऐकायची सवय आहे. हसले. नटच्या खाचा मात्र त्यांनीच खाली घेऊन दिल्या, पैसे घेतले नाहीत.

आज मंडळात वाजवलं. कॅपो विसरलो घरी! (कॅपोभक्त, हसू नका.) समोर काळी पाच. दोन मिनिटं घाम. मग लक्षात आलं, सी पासून ए शार्प म्हणजे दोन पडदे मागे. मडगांवकारांचं सगळं दोननं मागे घेतलं: ३-३-१, ३-३-३, ३-४-३, २-१-१. आणि तोंडात तेच, सा ग प, सा ग ध, सा म ध, नि रे प. पट्टी बदलली, सरगम नाही. टाळकरी नेहमीप्रमाणे दुसऱ्या कडव्याला पळाले, त्यांच्यामागे पळताना जी चा आकार दोनदा चुकला. कुणाला कळलं नाही. पेटीवर आज आमचा पुतण्या होता, त्याला कळलं.

आता प्रश्न. वरच्या तीन तारांचा आवाज टाळ-मृदंगात बारीक पडतो. एक तार खाली येऊन, चौथी-तिसरी-दुसरी अशी हीच चौकडी मिळेल का?

मडगांवकार | सोमवार, सकाळी ७:५५

मिळते तर. पट्टी सी धरून लिहितो, चौथी, तिसरी, दुसरी:

सी: ५-५-५
ए मायनर: ७-५-५
एफ: ७-५-६
जी: ५-४-३

सरगम तुम्ही लावा, मी सांगत नाही. काळी पाचला दोन मागे. आणि पुतण्याला सांगा, पुढच्या वेळी चुकलं तर बघायचं नाही, पेटीचा आवाज वाढवायचा.

पेटीवाला | सोमवार, सकाळी ८:२०

प सा ग. ध सा ग. ध सा म. प नि रे. बरोबर?

मडगांवकार | सोमवार, सकाळी ८:२२

बरोबर.